लिटरला वीस: नांदेड ते लातूर

माझी गाडी लिटरला वीस देत नाही. चौदा देते, तेही तिचं मन चांगलं असेल तर. ही गोष्ट चार वर्षं मी कुणालाही सांगितली नव्हती. बायकोला तर नाहीच, कारण खोटं सुरू झालं तेच तिच्यापासून.

टर्बो पेट्रोलची छोटी हॅचबॅक घ्यायची मी ठरवली तेव्हा ती म्हणाली, साधं इंजिन बरं. टर्बो म्हणजे एक लिटरच्या इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंखा. त्यानं लहान इंजिनाला मोठ्याचा आव आणता येतो. पन्नाशीतल्या माणसाला हे का आवडतं ते घरी सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून मी अ‍ॅव्हरेज सांगितलं. वीस. तो आकडा घरातून उमरीच्या आमच्या कचेरीत गेला आणि तिथून वाघमारे सरांकडे. सर निवृत्त मुख्याध्यापक. आकड्यावर विश्वास ठेवणारा माणूस. त्यांनी दुसऱ्या कंपनीची बाराशे सीसीची टर्बो घेतली, कारण शिंदेसाहेबांची, म्हणजे माझी, वीस देते तर ही अठरा तरी देईलच.

तिनं कधी चौदाच्या वर दिलं नाही. तीन वर्षं सर स्वतःला दोष देत राहिले. शेवटी मार्चअखेर त्यांचा फोन आला. "लातूरला गिऱ्हाईक बघितलंय. गाडी काढून टाकून राहिलो. मला चालवता येत न्हाई, हे मान्य करायला पाहिजे. तुम्ही तुमची गाडी घेऊन चला, येताना तुमच्याच गाडीत येऊ. आणि जाताना एकदा शेवटचं बघू, दोष इंजिनाचा का माझा."

त्यांची पद्धत शास्त्रीय होती. नांदेडच्या पंपावर दोन्ही टाक्या तोंडापर्यंत भरायच्या, गाड्यांची अदलाबदल करायची, लातूरला पुन्हा तोंडापर्यंत भरायच्या आणि भागाकार करायचा. पंपाची नळी आपोआप बंद पडली म्हणजे टाकी भरली, असं आमच्याकडे कुणी मानत नाही. आत हवा राहते. म्हणून आम्ही दोघं, मिळून एकशे दहा वर्षांचे, गाडीला दोन्ही बाजूंनी धरून हलवत होतो. पंपावरचा माणूस म्हणाला, "काका, आत लेकरू झोपवून राहिले का?" सर गंभीरपणे म्हणाले, "अजून अर्धा लिटर बसतं."

सर माझ्या गाडीत बसले, मी त्यांच्या. सरांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, माझ्या शेजारी. गाडीचा शेवटचा प्रवास म्हणून त्या आल्या होत्या. विष्णुपुरी धरणाचं पाणी मागं पडलं तसं त्यांनी काच खाली केली, पिशवीतून ओला पंचा काढला आणि मानेवर ठेवला. हे इतक्या सवयीनं झालं की मला आधी कळलंच नाही.

"वहिनी, एसी लावतो."

"नको भाऊजी. अ‍ॅव्हरेज पडतंय."

"सर रागावतात?"

"छे. ते काय रागावतेत. पंपावर हिशेब केला की तोंड उतरतंय त्यांचं, जेवत न्हाईत नीट. त्यापरीस ऊन बरं."

मी एसी लावला. त्यांनी बंद केला. मी पुन्हा लावला आणि म्हणालो, आज गाडी माझ्या हिशेबात आहे. लोह्याच्या पुढं त्या झोपल्या.

आता इंजिनांविषयी, कारण मी तुलनेला निघालो होतो. दोन्ही तीन सिलिंडरची. माझं उभ्या गाडीत थरथरतं, चहा घेतलेल्या कारकुनासारखं. सरांचं शांत, आणि मिनिटाला अठराशे फेऱ्यांनाच जागं होतं. माझं दोन हजारांपर्यंत अर्ज तपासत बसतं. सरांची गाडी उजवी होती, हे मला पहिल्या चढालाच कळलं. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता. मी तिसरा गियर टाकला, पाय दाबला, पाठ सीटला टेकली. वहिनी जाग्या झाल्या.

"ही अशी बी पळती?" त्या म्हणाल्या. "ह्यांनी कवा दावलंच न्हाई."

ते कसं दाखवणार? आरशात दिसत होतं: सर माझी गाडी चाळीसनं ओढत होते, नक्कीच पाचव्या गियरमध्ये. इंजिन कण्हत असणार. हा धडा त्यांनी कुणाकडून घेतला असेल? "वीस कसे काढता?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "पाचवा लवकर टाका, टर्बोला उठवूच नका." अशा गाडीत टर्बो झोपवून ठेवायला जास्तीचे पैसे भरणारे आम्हीच.

अहमदपूरला स्टँडसमोर सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ) खाल्ली. सर घामानं भिजले होते, पण खुशीत होते. "काचासुद्धा बंद ठेवल्या. वाऱ्याचा अडथळा नको."

लातूरच्या पंपावर पुन्हा गाड्या हलवल्या. वहिनी रस्त्यापलीकडं द्राक्षं घ्यायला गेल्या. सरांनी पावतीच्या पाठीवर भागाकार केला. माझ्याकडं त्यांच्या गाडीनं बारा दिलं होतं. ते एसीचं, असं म्हणून त्यांनी मला माफ केलं. त्यांच्याकडं माझ्या गाडीनं दिलं चौदा.

मला वाटलं, सुटलो. खोटं कागदावर आलं. सरांनी भागाकार पुन्हा एकदा करून बघितला.

"कळलं," ते म्हणाले. "वीसच्या गाडीतून मी चौदा काढले. पायच वाईट हाय माझा." आणि गिऱ्हाईकाला लावायला त्यांनी फोन काढला.

"सर," मी म्हणालो, "ती वीस देत नाही. कधीच दिलं नाही. घरी थाप मारली होती, ती पुढं चालत राहिली."

त्यांनी फोन खिशात ठेवला. चष्मा पुसला.

"शेवटच्या पानावरचं उत्तर बघून पोरं गणित जुळवायची," ते म्हणाले, "त्यांना मी बाकावर उभं करायचो. तीन वर्षं मी तुमचं उत्तर जुळवून राहिलो, आणि उत्तरच खोटं."

दोन्ही टाक्यांचे पैसे मी दिले.

"गाडी ठेवतो. पण हिला तुम्ही सांगायचं. मी एसी लावला तर ती कारण विचारंल, आणि ते कारण माझं न्हाई."

परतीला आपापल्या गाड्या. सरांची पुढं. वहिनींची काच खाली होती आणि ओल्या पंच्याचं टोक बाहेर फडफडत होतं. अहमदपूरला चहाला थांबलो. मी शब्द जुळवून ठेवले होते. वहिनींनी माझ्या हातावर द्राक्षांचा घोस ठेवला.

"भाऊजी, गाडी ठेवली ते बरं झालं. आता ह्यांना तुमच्यासारखं वीस काढायला शिकवा. मग मी बी एसीत बसंन."

सर चहाच्या कपात बघत होते.

"हाव वहिनी," मी म्हणालो.

अहमदपूरपासून नांदेडला पोचेपर्यंत मी माझ्या गाडीचा एसी बंदच ठेवला. त्यानं कुणाचंच काही भागत नाही, एवढं मला कळतं. बायकोला हे मी परवा सांगितलं. ती म्हणाली, तिला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. राहिल्या वहिनी. त्यांचे तीन उन्हाळे माझ्याकडून भरून निघणार नाहीत. निदान खरं काय ते त्यांच्यासमोर बसून सांगणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो, आणि ते अजून सांगितलेलं नाही.