हात न लावायचं कासव

अमेरिकेतल्या पार्सिपनी गावाहून, भावाच्या घरून, सकाळच्या बसने निघालो तेव्हा माझ्या पर्समध्ये तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या आणि इराच्या ओठांवर पाठांतर.

इरा म्हणजे माझ्या भावाची मुलगी, जन्मापासून अमेरिकेतलीच. कॉम्प्युटरचं शिक्षण अर्ध्यावर सोडून ती न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात गाइडचं काम शिकत होती. आज तिची परीक्षा. वरिष्ठ बाईंसमोर पाहुण्यांना प्राचीन चिनी दगडी प्राण्यांचं दालन दाखवायचं. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. आणि घरी माझा भाऊ ‘मी सांगत होतोच’ म्हणायला टपलेला!

“आत्या, तू फक्त मागे उभी राहा. आणि काही बोलू नकोस, प्लीज,” इराने बसमध्ये तीनदा बजावलं.

“अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

नदीखालच्या बोगद्यातून बस वर आली आणि मान दुखेपर्यंत उंच इमारती सुरू झाल्या. संग्रहालयाच्या दाराशी पर्स जमा करावी लागली. तिथल्या माणसाने पुऱ्यांचा वास घेतला, हसला आणि मला टोकन दिलं.

दालनात डझनभर पाहुणे होते. पांढऱ्या केसांच्या वरिष्ठ बाई वही घेऊन कोपऱ्यात उभ्या. इराने सुरुवात केली ती थेट पाढे म्हटल्यासारखी. काय सुंदर प्राणी होते पण! पंख फुटलेले सिंह, गुडघे टेकलेला उंट, आणि काचेत बोटभर लांबीची हिरव्या जेडची (चिन्यांना फार प्रिय असलेला मौल्यवान दगड) डुकरं. ही डुकरं मेलेल्या माणसाच्या मुठीत देत. बिचाऱ्याने रिकाम्या हाती जाऊ नये! मला तर गलबलूनच आलं. पाहुणे मात्र जांभया देत होते, एक गृहस्थ फोनमध्ये बुडालेले. माझा जीव टांगणीला.

तेवढ्यात शेजारच्या चौथऱ्यावर मला कासव दिसलं. चांगलं हातभर, पाठ गुळगुळीत, मान वर केलेली. आता दगडी कासव दिसल्यावर हात आपोआप जातो, त्याला मी काय करू? मी वाकले, त्याच्या पाठीला हात लावला, तो कपाळाला लावला.

टीं टीं टीं! भोंगा केकाटला. रखवालदार बाई धावत आल्या. “मॅम! डोंट टच!”

मेले! धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं. इराचा चेहरा पांढराफटक. वरिष्ठ बाईंनी चष्म्यावरून विचारलं, “यांनी हे काय केलं?”

इराने माझ्याकडे पाहिलं, मग कासवाकडे. “ही माझी आत्या,” ती इंग्रजीत म्हणाली, आणि आवाजातले पाढे एकदम गेले. “तिच्या गावच्या देवळात असंच कासव असतं. आधी त्याला हात लावायचा, मगच देवाला भेटायचं. हेही कबरीच्या वाटेवर बसायचं, पाठीवर मेलेल्याचं नाव कोरलेली शिळा घेऊन. शिळा गेली, तिची खाच राहिली, ही बघा. वाटेत बसलेल्याला आधी भेटावं, एवढंच केलं आत्याने. पण इथे मात्र कुणीही हात लावू नका हं!”

सगळे हसले. फोनवाले गृहस्थ खाच बघायला पुढे आले. मग प्रश्नांची अशी सरबत्ती झाली की उरलेल्या अर्ध्या तासात कुणी घड्याळ पाहिलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर आम्ही पुऱ्या खात बसलो. “चुकलं गं माझं,” मी म्हटलं.

“आत्या, चिल. होईल ते होईल.”

वरिष्ठ बाई बाहेर आल्या. मी घाईने पुरी पुढे केली, त्यांनी ती घेतली. “कासवाचं रोज सांगायचं,” त्या इराला म्हणाल्या. “सोमवारपासून ये. आणि आत्यांना लांबून दाखव.” इराने मला अशी मिठी मारली की पुऱ्यांचा डबा पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला.

मी भारतात परतायला विमानतळावर निघाले तेव्हा ती म्हणाली, “तुझ्या टॉर्टॉइजला माझा पण हात लाव.”

माझ्या गावी, वाईला परतल्यावर पहिल्याच सोमवारी देवळात गेले. कासवापाशी वाकले आणि हात थबकला, नजर रखवालदार शोधायला लागली. कुणी ओरडलं नाही. एक हात माझा लावला, एक इराचा. मग आठवलं, तिकडे एक आहे, त्याला बिचाऱ्याला कुणीच हात लावत नाही. तिसरा त्याच्या नावाने लावला.