दोन रिंगा

१९९८ साली मी दहावीत होते. आई नाटे बंदराजवळच्या शेडमध्ये कोळंबी सोलायला जायची. बर्फातली कोळंबी सोलून बोटांची सालं निघायची, मग रात्री आमटीभात कालवताना ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. बाबा त्याआधी दोन वर्षं गेले. मुंबईत खानावळीत कामाला होते. दुखणं अंगावर काढलं आणि घरी आले ते शेवटचे पंधरा दिवस राहायला. "उगाच तुमच्या जिवाला घोर कशाला," म्हणाले. त्या एका वाक्यासाठी आई त्यांच्यावर वर्षभर चिडलेली होती.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बी.कॉम. झाले आणि मिरजोळ्याला आंब्याचा रस डब्यांत भरणाऱ्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बसले. रत्नागिरीत खोली घेतली. २००५ साली मी स्वतःला एक मोबाइल घेतला आणि आईला एक जुना. गावात आमच्या वाडीत कुणा बाईकडे मोबाइल नव्हता, आईकडे होता. याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

खाली वाडीत रेंज नव्हती, रेंज वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर. तिथे जायला दगडी पायऱ्यांची पाखाडी, उभी चढण. आम्ही ठरवलं, ठरवलं म्हणजे मीच ठरवलं, की रोज संध्याकाळी आईने सड्यावर यायचं, मला दोन रिंगा द्यायच्या आणि बंद करायचा. मी उचलायचा नाही. दोन रिंगा म्हणजे सगळं बरं आहे.

कारखान्यात माझं काम मालाच्या नोंदींचं. नोंद जुळली की मी तिच्यापुढे खूण करायची आणि ती डोक्यातून काढून टाकायची. माझा स्वभावच तसा, काम संपलं म्हणजे संपलं. आईच्या दोन रिंगा वाजल्या की मी तेच करायची. शेजारच्या टेबलावरची मुलगी नवऱ्याचा फोन लागला नाही तर डबा खायची नाही. शंकेखोर होती, मोबाइलने तिची शंका वाढवली. मी तिला हसायची. "मला बघ," म्हणायची, "मी कशी निवांत असते!"

त्या वर्षी हंगामात रविवारचीही सुट्टी नव्हती. अडीच महिने मी घरी गेले नाही. दोन रिंगा मात्र एक दिवस चुकल्या नाहीत.

हंगाम संपला तशी न कळवता गेले. एस.टी. सड्यावर सोडते. पाखाडी उतरायला लागले तर मधल्या पायरीवर आई बसलेली. धापा टाकत होती. पावलं सुजून चपलेत मावत नव्हती. मोबाइल पदराच्या गाठीत. शेजारची काकी तिचा दंड धरून उभी होती.

मला बघून आई म्हणाली, "आज लवकर सुटलीस गो बाय?"

काकी माझ्यावरच घसरली. "दीड महिना झाला, अशी बसत-बसत चढते. वर गेली की श्वास खाली बसेपर्यंत थांबते, मग तो फोन दाबते. एवढी शिकलीस ना? दोन रिंगांत आईची तब्येत कळते होय?"

"मग सांगितलं का नाय मला?" मी आईवर ओरडले.

"बरी असलीस तर दोन रिंगा दे, म्हणालीस. नसले तर काय करायचं ते खंय सांगितलंस?" ती हसायला गेली आणि खोकली.

मी सांगितलं असतं तरी तिने दोनच दिल्या असत्या, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. बाबांवर चिडलेली बाई त्यांच्यासारखीच निघाली. फोन बिचारा काय करणार? तिचा न सांगण्याचा स्वभाव आणि माझा न विचारण्याचा, दोन्ही त्याने इमानाने पोचवले.

डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय, दोन महिने आधी यायला हवं होतं. हे वाक्य मी अजून पचवलेलं नाही.

आईला मी रत्नागिरीत खोलीवर आणलं. रिंगांचा कायदा मोडला. दुपारी मीच फोन करायची आणि "बरी आहेस ना?" असं विचारायचं सोडून दिलं, कारण त्याला ती "हो"च म्हणायची. "जिन्यावर किती वेळा थांबलीस? पाय दाबून बघ, खड्डा पडतो का?" असं विचारायची. ती वैतागायची. "मास्तरीण झालीस काय गो?" पण सांगायला लागली. आधी पायांचं. मग रात्री उशाशी दोन उशा लागतात ते. मग एकदा, बऱ्याच दिवसांनी, "भीती वाटते" हेही.

श्रावणात एका दुपारी तिचा फोन आला. रिंग थांबेना. उचलला.

"मला बरं नाय वाटत. ये."

आयुष्यात तिने मला पहिल्यांदा बोलावलं. रिक्षात मी रडले, आणि खरं सांगते, त्यात थोडा आनंदही होता.

ती आणखी अकरा महिने जगली. तेवढ्या काळात तिने चार वेळा फोन करून मला बोलावलं, आणि चारही वेळा मी वेळेत पोचले.