पदराखालचा हात

वालचंदनगरला आमच्या क्वार्टरशेजारी राहणाऱ्या मावशींचा डावा हात मी कधी धड पाहिलाच नव्हता. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर तो सुजला आणि कायमचा पदराखाली गेला. बांगड्या त्या एकाच हातात भरायच्या. कासाराने विचारायच्या आधीच सांगायच्या, “ह्यो ऱ्हाऊ द्या, आजारी हाय.”

काल पुण्याहून तपासणी करून आल्या आणि माझ्यासमोर त्यांनी पदर बाजूला केला. टम्म फुगलेल्या हातावर डॉक्टरांनी पेनाने रेघा मारल्या होत्या.

“दवा टोचली, तशा पानी व्हायच्या आतल्या वाटा पडद्यावर चमकाय लागल्या. हितं पानी तुंबलंय. ह्या रेघा बघूनच आपरेशन करनार हायेत. हात लावून बगा की.”

माझीच मला लाज वाटत होती, तरी हात पुढं जाईना. मावशींनी पदर ओढून घेतला आणि मलाच समजावलं, “ऱ्हाऊ द्या. पयल्यांदा मलाबी किळसच आल्ती.”