शनिवार, षष्ठी

सकाळचा चहा हातात आला की श्यामसुंदर मुरकर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून सांगायचे, “आज पंचमी. पावणेचारला भरती.”

विश्रांतवाडीतल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये या माहितीचा कुणाला काही उपयोग नव्हता. सून हेमा पोळ्या लाटता लाटता म्हणायची, “तुमच्या समुद्राला रोज वेळेवर पाणी, बाबा. आमच्या टाकीचंही विचारा ना त्याला.”

अठ्ठावीस वर्षं ते शिडाच्या गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. कौलं, मीठ, लाकूड असा माल खाडीखाडीने पोचवायचे. पुढे सगळा माल ट्रकने जायला लागला, मालकाने गलबत मोडीत काढलं, बायको वारली, आणि मुलाने, योगेशने, त्यांना पुण्याला आणलं. योगेश हडपसरला आयटी कंपनीत होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हे गणित श्यामसुंदररावांनी इथेही सोडलं नाही. “अठ्ठावीस वर्षांत माझा तळ एकदाही वाळूला लागला नाही,” असं ते लिफ्टमध्ये भेटणाऱ्यालाही सांगत. पुण्यात त्यांना माणसांत उभं राहायला एवढं एकच वाक्य होतं.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत योगेश आणि त्याच्या ऑफिसमधल्या तिघांनी मिळून एक जुनी शिडाची बोट घेतली. ती एका बंदरातून दक्षिणेकडच्या खाडीत न्यायची होती. तिघांतला आनंद घरी आला होता. वर्ध्याकडचा, लाजरा मुलगा. “काका, रूट प्लॅन करून द्याल का?” त्याने विचारलं.

“देईन. पण सुकाणूवर मी बसणार.”

“बसा की,” योगेश म्हणाला.

आठ दिवस डायनिंग टेबल त्यांच्या ताब्यात गेलं. ऑफिसच्या छापील कागदांच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी किनारा काढला. भरतीला बुडून दिसेनासे होणारे खडक काढले. खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा पेन्सिलने गडद केला. हेमा ताट घेऊन उभी राहायची. ते म्हणायचे, “थांब, दांडा ओला आहे.” दोघं हसायची. शेवटी बॉलपेनने पक्का कागद झाला. वर लिहिलं, ‘शनिवार, षष्ठी’. खाली, ‘पहाटे पाचला मतलई (जमिनीकडच्या) वाऱ्यावर निघणे. खडक डाव्या हाताला, लांब ठेवणे. दुपारी तीनला खाडीच्या तोंडावर. पाणी चढतं मिळेल. साडेचारला पूर्ण भरती.’

शुक्रवारी त्यांनी पिशवी भरली. संध्याकाळी योगेशचा फोन आला. ऑफिसचं काम लागलंय, ट्रिप रद्द.

“पुन्हा कधी?”

“बघू बाबा. आता पावसाळ्यानंतरच.”

त्यांनी पिशवीतला स्वेटर काढून घडी घालून ठेवला.

पुढच्या शुक्रवारी योगेश दोन दिवस ऑफिसमध्येच आहे असं सांगून गेला. शनिवारी सकाळी चहा घेताना ते म्हणाले, “त्रयोदशी. पावणेदहाला भरती. दुपारी तीनला खाडीच्या तोंडावर जाईल तो वेडा.”

हेमाने गॅस बारीक केला. योगेश कुठे गेलाय हे तिला माहीत होतं. काका आले तर बिअर पिता येणार नाही, असं मित्रांचं म्हणणं पडलं होतं, म्हणून रद्द सांगून ट्रिप आठवडाभर पुढे ढकलली होती. तिथीचं गणित नाही कळलं तरी ‘तीन’ तिच्या कानात राहिलं. योगेशला फोन लावला, तर तो रेंजमध्ये नव्हता. दिवसभर लावत राहिली, आणि सासऱ्यांना काही बोलली नाही.

ते चौघं शनिवारी तीनलाच खाडीच्या तोंडावर आले होते. योगेशने बरोबर नेलेल्या कागदावर शनिवार होता आणि तीन होते. षष्ठीकडे कुणी पाहिलंच नव्हतं. पाणी ओसरून दांडा वर आला होता, त्यावर लाटा फुटत होत्या. बोट घासली आणि उलटली. तिघांना मासेमारांनी काढलं. आनंद ओहोटीबरोबर बाहेर ओढला गेला. सोमवारी सापडला.

बाराव्या-तेराव्यानंतर आनंदचे वडील, बाबुराव, आले. तो कागद आता त्यांच्या खिशात होता, योगेशच्या भिजलेल्या पाकिटात निघालेला. शाई पसरली होती, पण अक्षर वाचता येत होतं.

“आमच्याकडं समुद्र नाही जी,” ते म्हणाले. “मले यातलं काही समजत नाही. योगेशभाऊ सांगते का कागदात होतं तसंच गेलो. मग चुकलं कुठं, तेवढं सांगा. त्याची आई रोज विचारते.”

श्यामसुंदररावांनी चष्मा लावला. कागद डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. वरच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. भिंतीजवळ योगेश उभा होता, प्लास्टरमधला हात छातीशी धरून. तो खाली फरशीकडे बघत होता. त्याने वर बघावं म्हणून ते थांबले असावेत.

“हिशेब माझा चुकला,” ते म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारात हेमा उभी होती. “बाबा—” तिने तोंड उघडलं.

“चहा टाक, सूनबाई.”

बाबुरावांनी कागद परत मागून घेतला, चार घड्या करून खिशात ठेवला. चहा तसाच राहिला. जिन्यात ते शेजाऱ्यांना म्हणाले, “म्हातारा माणूस हाये. वय झालं.” ते सोसायटीभर झालं. लिफ्टमध्ये माणसं श्यामसुंदररावांशी हळू आवाजात बोलायला लागली, आजाऱ्याशी बोलावं तशी.

रात्री हेमाने योगेशला विचारलं, “सांगणार नाहीस?”

“सांगून आनंद परत येणार आहे का? आणि बाबांना काय फरक पडतो आता?” त्याने आमटी वाढून मागितली. तिने वाढली. आपणही त्या शनिवारी गप्प होतो, हे ती बोलू शकली नाही.

महिना संपला. हेमाने कॅलेंडरचं पान उलटलं आणि नवा सिलिंडर लावल्याची तारीख लिहिली. सासरे चहा घेत होते, तोंड बाल्कनीकडे.

“बाबा, आज कोणती तिथी?” तिने विचारलं.

“बघ ना तूच.”

तिने बघितलं. द्वितीया होती. मनातल्या मनात पाऊणपट करून तिने दीड काढला, आणि तो बरोबर आहे का हे कुणाला विचारायचं तिला कळेना.