मैदान वेचणारी बाई

आमच्या रग्बी क्लबच्या इतिहासाचं पत्रक मी लिहीत होतो. पहिल्या ओळीत मैदानाच्या उद्घाटनाला रिबन कापायला आलेल्या पाहुण्यांचं नाव घाल, असा अध्यक्षांचा हट्ट. का म्हणून? त्यांनी इथला एक खडा तरी उचलला होता का?

सुकापूरजवळच्या माळावर आम्ही खेळायला लागलो, तेव्हा रोज कुणाचा तरी गुडघा फुटायचा. शेजारच्या इमारतीवर कामाला येणारी एक कातकरी बाई ते बघायची. एका सकाळी ती घमेलं घेऊन मैदानात उतरली आणि खडे वेचू लागली. मग कामाआधी रोजच. काच सापडली की उन्हात धरून दाखवायची, "ही बघा, तुमच्या ढोपरात जानार होती!"

"मावशी, राहू द्या."

"रगात बघवत नाय रे पोरांनो."

खेळाला मात्र हसायची. "पळायचं पुढं नि बॉल द्यायचा मागं? ह्यो कसला खेळ?" कप्तानाने नियम समजावला. "बरा हाय मंग. पुढं पळनाऱ्याला मागं कोन हाय ते बघावं तरी लागतं."

इमारत झाली, तिचं काम उलव्याला दुसऱ्या इमारतीवर गेलं. नाव आम्ही कुणीच विचारलं नव्हतं.

"बिननावाची बाई छापणार?" अध्यक्ष चिडले. छापली. पहिली ओळ अशी: हे मैदान एका बाईने वेचून दिलं; तिचं नाव न विचारण्याची चूक आमची.

आता सरावाआधी सगळी टीम रांगेत वाकून खडे वेचते. घमेलं तिचंच आहे, जाताना ठेवून गेलेलं.