डोंगरावरच्या कुट्या आणि आक्का

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीची गोष्ट. मी ओव्हरसियर, बांधकामांचे नकाशे काढणारा-देखरेख करणारा; अनसिंगला राहत होतो. मानोऱ्याकडच्या डोंगरावर नानासाहेब नावाच्या जमीनदाराला ध्यानासाठी कुट्या बांधायच्या होत्या. माणसाने चार दिवस मुकाट्याने बसावं, एवढाच हेतू. नकाशाचं काम माझ्याकडे आलं. मी काय काढलं असेल? माथा सपाट करून एका ओळीत खोल्या, पुढे लांब ओसरी. शाळा असते तशी.

जागा बघायला निघालो तेव्हा माझी मोठी बहीण बरोबर आली. आक्का विधवा, माझ्याकडेच राहायची. देवळाखेरीज तिला कुठे जायला मिळत नसे. वर पोचली आणि उतारावरच एका झाडाखाली बसली. बराच वेळ उठली नाही. मग म्हणाली, "बापू, माथ्यावर कायले बांधून राह्यला? तेथं वारा बसू देनार नाही. अन् खालून पाह्यलं तं डोंगराच्या डोक्यावर गाठोडं ठेवल्यावानी दिसन."

कुट्या उताराच्या पोटात, खाली-वर. एकीच्या दारातून दुसरी दिसू नये. भिंती तिथल्याच काळ्या दगडाच्या. खिडकी इतकी खाली, की बसल्यावरच समोरचा डोंगर दिसावा. हे सगळं तिने बसल्या जागी हाताने दाखवलं. मी घरी येऊन कागदावर उतरवलं. खाली सही माझी.

भावाने बहिणीचं डोकं वापरलं — त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच म्हणत आलो. पण तेवढ्यावर थांबलो असतो तर हे सांगायला बसलो नसतो.

कुट्या झाल्या. लांबून माणसं बघायला येत. नानासाहेब चारचौघांत माझी पाठ थोपटत, मी मान खाली घालून उभा. एके दिवशी आक्काने विचारलं, "मले राहू देतीन का रे तेथं? थोडेच दिवस. मी कोनाशीच बोलनार नाही."

विचारतो, म्हटलं.

मला विचारावंही लागलं नाही. नानासाहेबच म्हणाले, "बायकायले राहू द्यावं का हो? तुमाले काय वाटते?" त्यांची ना नव्हती. एक शब्द पुरला असता. आणि मी — मी म्हटलं, नको. बायका आल्या की शांतता राहत नाही.

का म्हटलं? ती तिथे राहिली, कोणी सहज काही विचारलं, तर कुट्या कोणाच्या डोक्यातल्या ते कळेल — ही भीती. दुसरं काही नाही.

तोच नियम झाला. घरी येऊन सांगितलं, नानासाहेब नाही म्हणाले. ती भाकरी थापत होती. "बरं," म्हणाली. तिला कळलं होतं का? मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

पुढे बरीच वर्षं ती माझ्याच घरात जगली. त्या कुट्यांत एकदाही बसली नाही.

ती गेली तेव्हा नानासाहेब भेटायला आले. म्हणाले, "किती शांत बाई होत्या. त्यायच्यासाठी नियम मोडला असता आपन. तुमी बोलले काहून नाही?"

मी म्हटलं, तिला त्याची आवड नव्हती.