अंगालगतचा कपडा

वोलकाकू कुठल्याही मुलाला भेटल्या की आधी मागून त्याच्या कॉलरमध्ये दोन बोटं घालत. नाव, शाळा, इयत्ता हे सगळं नंतर. मानेखाली पाठ कोरडी लागली तर "जा, पळ" म्हणत. ओली लागली तर त्याच्या आईबापांना शोधत निघत. हात गार पडलेत की नाक लाल झालंय, याकडे त्या बघायच्याही नाहीत. "हातांचं काय घेऊन बसलास? पोर गारठलंय का ते पाठ सांगते," हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवलं.

ती भेट बर्फावरच्या स्केटिंगच्या उघड्या रिंकवर झाली. आम्ही हूफडॉर्प या डच गावात राहायला येऊन दोन वर्षं झाली होती. वर्गातल्या मुली शनिवारी सकाळी स्केटिंग शिकतात म्हणून आठ वर्षांच्या सईनेही हट्ट धरला. बायकोला शनिवारी काम असायचं, त्यामुळे ही जबाबदारी माझी. पहिल्या दिवशी मी सईला पुण्याहून माझ्या आईने पाठवलेला सुती बनियन, त्यावर तीन स्वेटर आणि वरून जाडजूड जॅकेट घातलं. अर्ध्या तासात ती कठड्याशी आली. ओठ निळसर, दात वाजत होते. "बाबा, आय वॉन्ट टु गो होम." मी "थांब हं, अजून एक स्वेटर आहे" म्हणत बॅग उघडली. माझं मराठी ऐकून करड्या टोपीतल्या, साठी उलटलेल्या एक बाई पुढे आल्या. सईच्या कॉलरमध्ये बोटं घालून म्हणाल्या, "अरे, घामाने चिंब झालीय ही. सुती आहे ना आत? ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलंयस पोरीला."

त्यांच्या पिशवीत वेगवेगळ्या मापांचे दोन-तीन पातळ लोकरी सदरे कायम असत. त्यातला एक त्यांनी कपडे बदलायच्या खोलीत सईला घातला, वर एकच स्वेटर आणि जॅकेट. गरम चॉकलेट पिऊन सई आपणहून पुन्हा बर्फावर गेली. डच भाषेत लोकरीला 'वोल' म्हणतात. तिथल्या मुलांनी या बाईंना वोलकाकू कधी करून टाकलं, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

काकू मूळच्या साताऱ्याच्या. लग्न करून इकडे आल्या आणि विमानतळाजवळच्या एका गोदामात पार्सलं लावत त्यांचं आयुष्य गेलं. नवरा वारल्यावर जवळच्याच बाडहूव्हडॉर्प गावात छोट्या घरात एकट्याच राहत. रिंकवरच्या त्या भेटीनंतरच्या आठवड्यात त्या माझ्याबरोबर दुकानात आल्या. मी सवयीने दोन मापं मोठा थर्मल उचलला. त्यांनी तो परत ठेवला. "वाढत्या अंगाचा कोट घे, बूट घे. अंगालगतचा कपडा आजच्या मापाचाच हवा. मध्ये हवा खेळली तर लोकर काय करणार?" मग प्रत्येक सदरा उलटा करून त्या काखेतली शिवण अंगठ्याने चाचपत राहिल्या. "इथे टोचलं की पोरगी कपड्याला बोलत नाही. बर्फच नको म्हणते." विक्रेती कंटाळून दुसरीकडे गेली, तरी त्यांचं चाललेलंच. शेवटी मेरिनो लोकरीचा एक सदरा आणि एक पायजमा, एवढंच घेतलं. "थंड पाण्यात धू, हीटरवर टाकू नकोस," असं त्यांनी तीनदा बजावलं.

डिसेंबरात सईला ताप आला. चांगला आठवडाभर पोर अंथरुणात होती. मी ठरवून टाकलं. त्या शनिवारी एकटाच रिंकवर गेलो आणि काकूंना म्हटलं, "बास झालं काकू. तिचं नाव काढून घेतो. आपल्याला कुठे तिला ऑलिंपिकला पाठवायचंय?"

काकू मला कॅन्टीनमध्ये घेऊन गेल्या. कॉफी समोर ठेवून त्यांनी आपल्या मुलाची, निनादची हकीकत सांगितली. तो अकरा वर्षांचा असताना कालवे गोठले होते. सुती बनियन आणि जीन्स घालून तो मित्रांबरोबर दुपारभर बर्फावर होता. घामाने आणि पडण्याने भिजला, आणि मग तसाच काठावर वाऱ्यात बसून राहिला. मित्रांनी हाक मारली तर त्याला धड उत्तर देता येईना. दोन रात्री दवाखान्यात काढाव्या लागल्या.

"नर्सने मला विचारलं, आत काय घातलं होतं? मी म्हटलं, कॉटन. तिने तेवढं लिहून घेतलं रे. पण मला कळलं होतं. तरी मी दोष बर्फालाच दिला. घरी आल्यावर त्याचे स्केट्स देऊन टाकले. त्या हिवाळ्यात सगळा वर्ग कालव्यावर आणि माझा मुलगा खिडकीत. एक लोकरीचा सदरा घ्यायचा, तर मी त्याला घरात बसवलं."

"आता कुठे असतो?"

"ब्रेडाला. दर रविवारी फोन करतो. नीट बोलतो, तब्येत विचारतो. भांडत नाही. भांडला असता तर बरं झालं असतं."

मी सईचं नाव काढलं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात काकू यायच्या थांबल्या. दुखणं पोटाचं होतं आणि ते उशिरा कळलं. मी भेटायला गेलो तेव्हा उशीला टेकून बसल्या होत्या, खूप बारीक झाल्या होत्या. "सईला सदरा आखूड झाला असेल," म्हणाल्या. "कमरेत खोचला जात नसेल तर नवा घे. चालवून घेऊ नकोस." जानेवारी संपायच्या आत त्या गेल्या.

अंत्यसंस्काराला रिंकवरची पंधरा-वीस मुलं आली होती, आईबापांसकट. नंतर कॉफीच्या वेळी एक उंच, चाळिशीतला माणूस माझ्याजवळ आला. तो निनाद होता. "तुम्ही आईला कुठून ओळखता? आणि ही मुलं कोण?"

"रिंकवरची," मी म्हटलं.

"कुठला रिंक?"

त्याला काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं. दर शनिवारी त्या तिथे असायच्या, हेही सांगितलं. त्याने हातातला कप टेबलावर ठेवला.

"किती वर्षं?"

"मला माहीत आहेत ती तीन. त्याआधीची बरीच असतील."

तो अडखळत मराठीत बोलू लागला. "मला स्केट्स देऊन टाकल्याचा राग... तो कधीच गेला होता. कॉलेजमध्येच. आय जस्ट नेव्हर टोल्ड हर. मला वाटलं, तिला आठवतही नसेल."

मग मी त्याला कॅन्टीनमध्ये ऐकलेलं सगळं सांगितलं, नर्सचा प्रश्न, खिडकी, सगळं. ऐकून झाल्यावर तो मुलांच्या घोळक्याकडे गेला, त्यांच्यासमोर जमिनीवर गुडघे टेकून बसला आणि माझी आई तुम्हाला काय काय सांगायची, असं त्याने डचमध्ये विचारलं. मुलं एकदम बोलायला लागली. त्याने कुणालाही थांबवलं नाही.